आवाज शून्यावर

मागच्या रविवारी मी आईचा आवाज बंद केला. म्हणजे तिला गप्प बस म्हणालो असं नाही, तेवढी माझी टाप नाही. आमचा नेहमीचा व्हिडिओ कॉल चालू होता. इथे मॉन्ट्रियलला सकाळचे नऊ, तिकडे मिरजेत संध्याकाळचे साडेसात. आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि ताटलीत भडंग घेऊन बसली होती. ती फोन असा काही कलता ठेवते की कपाळ पडद्याबाहेर जातं, डोळे जेमतेम दिसतात आणि उरलेल्या सगळ्या जागेत फक्त तोंड. नवी कवळी बसवून तीनच आठवडे झालेत. त्या कवळीने ती शेंगदाणे फोडत होती. आधी करकर, मग चटक, मग कवळी जागेवर बसल्याचा एक बारीक टक. कांद्याचा तुकडा ओठाच्या कोपऱ्याला चिकटलेला, आणि ती शेजारच्या प्लॉटवर पाडलेल्या बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते सांगत होती. माझ्या हातात बेगल होता, तो तसाच राहिला. अंगठा आपोआप फोनच्या कडेला गेला आणि मी आवाज कमी करत नेला. सहा-सात वेळा दाबल्यावर पडद्यावरची पट्टी रिकामी झाली.

काय शांत वाटलं! खाली रस्त्यावर बर्फ उचलणारी गाडी मागे येताना टीं टीं करत होती, तेवढाच आवाज. आई बोलत होती. हात हलत होते, बांगड्या मनगटावरून कोपराकडे जाऊन परत येत होत्या. मी अधूनमधून ‘हं’ म्हणत होतो. माझा आवाज तिला जातच होता. चार-पाच मिनिटं अशी गेली असतील. मग ती चावायची थांबली. पदराने तोंड पुसलं. फोनच्या जवळ आली, इतकी की पहिल्यांदाच तिचे दोन्ही डोळे नीट दिसले. काहीतरी बोलली, अगदी थोडं, तीन-चार शब्दांचं. आणि वाट बघत थांबली.

मी मान हलवली. “हो,” म्हणालो.

तिचा चेहरा सैल झाला. तिने पुन्हा मूठभर भडंग तोंडात टाकलं. समोर बसलेली माझी लेक हे सगळं बघत होती. तेरा वर्षांची आहे, मराठी बोलते पण मधेच फ्रेंच वाक्य उचलून त्याला मराठी कपडे घालते. “बाबा, तू आजीचा आवाज कापलास?” फ्रेंचमध्ये आवाज कापतातच, त्यात तिची चूक काही नाही. पण ते मराठीत ऐकून मला कसंतरीच झालं. शिवाय ती काही ओरडून म्हणाली नाही, नुसतं विचारलं आणि पुन्हा स्वतःच्या बेगलवर चीज लावायला लागली.

हे तोंड मी आधी एकदा पाहिलं होतं. आईचं नव्हे. एका फ्रेंच बोलणाऱ्या बाईचं, मोठ्या पडद्याएवढं. तिच्याही ओठाच्या कडेला खाणं लागलेलं, आणि तिचा सोळा वर्षांचा मुलगा ते अशा नजरेने बघतोय की जणू ती काही गुन्हा करतेय. ‘जे त्युए मा मेर’, म्हणजे ‘मी माझ्या आईला मारलं’. घाबरू नका, सिनेमात कोणी कोणाला मारत नाही. आई असते, मुलगा असतो, घर असतं, आणि दीड-पावणेदोन तास दोघं एकमेकांचं डोकं खातात.

मी इथे आलो तेव्हा मला फ्रेंच येत नव्हतं. सरकारच्या नवागतांसाठीच्या वर्गात जायचो. तिथे आम्हाला फार सभ्य फ्रेंच शिकवलं जाई: माफ करा, टपाल कचेरी कुठे आहे, मला अर्धा किलो सफरचंदं हवी आहेत. बाहेर बसमध्ये, दुकानात लोक बोलायचे ते निराळंच काही असायचं. वर्गातल्या बाईंनीच सांगितलं, इथले सिनेमे बघा, फ्रेंच सबटायटल लावून बघा. म्हणून बेरी मेट्रोजवळच्या मोठ्या ग्रंथालयातून डीव्हीडी आणायला लागलो. बाहेर उणे वीस, आत मात्र लाकडाचा आणि ओल्या कोटांचा वास. असाच एका संध्याकाळी हा सिनेमा हाती लागला. पाठीमागची माहिती वाचून आणला नाही, नाव कळलं म्हणून आणला. त्या नावातले सगळे शब्द मला येत होते, एवढंच कारण.

त्यामुळे असं झालं की मी माझं अर्धं फ्रेंच एका आईच्या आणि मुलाच्या भांडणातून शिकलो. ‘तू माझं कधी ऐकतच नाहीस’, ‘मी असं कधी म्हणाले?’, ‘आवाज चढवू नकोस’, ‘बरं, ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे’ असली वाक्यं मला टपाल कचेरीच्या आधी पाठ झाली. शिव्याही तिथेच भेटल्या. क्वेबेक या आमच्या प्रांतातल्या शिव्या मोठ्या मजेशीर आहेत. ‘ताबरनाक’, ‘कालिस’, ‘ऑस्ती’: चर्चच्या वेदीवरची पेटी, प्याला आणि प्रसादाची चकती. पिढ्यान्‌पिढ्या पाद्र्यांच्या धाकात राहिलेल्या लोकांनी १९६०च्या दशकात चर्चकडे पाठ फिरवली, पण जाताना देव्हाऱ्यातली भांडी तेवढी तोंडात ठेवून घेतली. आपल्याकडे संताप आला की गाडी थेट आयाबहिणींवर जाते. इथे आईशीच भांडायचं असलं तरी शिवी देवघरातली.

सिनेमा करणारा ग्झाव्हिए दोलान याच गावचा, १९८९चा जन्म. लहानपणापासून मालिकांतून, जाहिरातींतून कामं केलेला. शाळेत असताना त्याने आईवर राग काढणारं काहीतरी लिहिलं, त्याचीच पुढे पटकथा झाली. एकोणिसाव्या वर्षी त्याने सिनेमा दिग्दर्शित केला, मुलाची भूमिकाही स्वतः केली आणि बालकलाकार म्हणून साठलेले स्वतःचे पैसे त्यात ओतले. सगळा मिळून खर्च आठ लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास. हा आकडा आपल्याला मोठा वाटेल, पण इथल्या हिशोबात चिल्लर. २००९च्या मे महिन्यात तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तिथल्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात त्याला तीन पुरस्कार मिळाले, तेव्हा हा पोरगा वीस वर्षांचा होता. वीस! वीसाव्या वर्षी मी वालचंदच्या होस्टेलवर मेसचे पैसे वाचवून रमीत हरत होतो.

पैसे नव्हते हे सिनेमा बघताना जाणवतं, पण आड येत नाही. एक स्वयंपाकघर, एक गाडी, एक वर्ग, मित्राचं घर, बस्स. भांडणाला नाहीतरी खर्च काय येतो? दोन माणसं आणि एक जेवणाचं टेबल. दोलान त्या दोघांना समोरासमोर बसवतच नाही. टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी, तोंडं आपल्याकडे, जणू बसमधले अनोळखी प्रवासी. डोक्यावर भलीमोठी रिकामी भिंत. मधेमधे मुलगा न्हाणीघरात कोंडून घेतो आणि कॅमेऱ्यासमोर काळ्या-पांढऱ्यात कबुली देतो: तिला कोणी हात लावला तर मी त्याचा जीव घेईन, आणि तरी मला तिच्यापेक्षा जास्त आवडणारी माणसं ढिगाने आहेत. पहिल्यांदा बघताना ते वाक्य मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. फ्रेंच समजलं नव्हतं म्हणून, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

माझी आई फॉल-पिको करायची. मिरजेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी. साडीला फॉल लावताना तिच्या ओठांत टाचण्या असत, पाच-सहा, डोकी बाहेर. त्या टाचण्या न काढता ती बोलायची. ओठांच्या एका कोपऱ्यातून शब्द यायचे, दुसऱ्या कोपऱ्यातून टाचणी निघून साडीत जायची. “अभ्याफ झाला का?” हे मी इतक्या वर्षांनीही तसंच ऐकतो, ‘स’चा ‘फ’ होऊन. दोरा दातांनी तोडायची. त्यासाठी मान खाली घालून साडीच्या काठाशी तोंड न्यायची आणि कचकन आवाज यायचा. समोरच्या दोन दातांच्या मधे दोऱ्याने एक बारीक खाच पडली होती. दहावीत असताना मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. टाचण्यांचा, दोऱ्याचा, सुपारी चघळण्याचा, आणि गिऱ्हाईक बायका आल्या की लावायच्या त्या वेगळ्या गोड आवाजाचा. आता कोणी विचारलं, नेमकं काय चुकत होतं तिचं, तर एक धड आरोप सांगता येणार नाही. त्या वयात आई काय करते याचा राग नसतोच. ती ते आपल्यासमोर करते याचा असतो.

फाटकावर पाटी होती: ‘साडीला फॉल, पिको करून मिळेल’. खाली बाण. तो बाण आमच्या खिडकीकडे. एकदा क्लासमधला एक मुलगा वही घ्यायला घरापर्यंत आला. डॉक्टरचा मुलगा, रेंजर सायकल, केसांना जेल. पाटीकडे बघून त्याने विचारलं, “हे कुणाचं रे?” मी म्हणालो, “भाडेकरूंचं.” एवढ्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. खिडकी उघडी होती आणि मशीन थांबलं. मशीन थांबल्यावर एक क्षण असा असतो की चाक आपल्या वेगाने अर्धा फेरा फिरतं आणि मग शांतता होते. ती शांतता मी फाटकात उभा राहून ऐकली. मुलगा वही घेऊन गेला. त्या रात्री आई काही बोलली नाही. बाबांनाही काही सांगितलं नाही. नाहीतरी बाबा शनिवारीच यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर कप समोर ठेवून म्हणाली, “भाडेकरूंनी चहा केलाय. घेणार का?”

पुढे कित्येक वर्षं तिने तो शब्द सोडला नाही. गावाला जाताना “भाडेकरू चालले, किल्ली शेजारी दिलीय.” ताप आल्यावर “भाडेकरूंना आज बरं नाही.” घरात पाहुणे हसायचे, त्यांना वाटायचं आमच्या घरातला काही जुना विनोद असेल.

सिनेमातला मुलगा, युबेर, याहून मोठी मजल मारतो. शाळेतल्या बाई आईवडिलांपैकी कोणाची तरी मुलाखत घेऊन यायला सांगतात, तर हा सरळ सांगतो, माझी आई मेलीय. बाई हळहळतात. मग एक दिवस मेलेली आई शाळेत येते. केसाळ कोट, टकटक चपला, आणि संतापाने लाल झालेली. मी मेल्यासारखी दिसते का, असं विचारते. आन दोरव्हाल या नटीने ही आई केलीय, आणि मला वाटतं हा सिनेमा तिने दिग्दर्शकाच्या हातातून अलगद काढून घेतलाय. दोलानला आई वाईट दाखवायची होती हे स्पष्ट दिसतं. तिचा पडद्यांवरचा फुलापानांचा सोस, टीव्हीसमोर पसरणं, मुलाला घर भाड्याने घेऊ देते म्हणून दुसऱ्या दिवशी साफ नाही म्हणणं, सगळं तिच्या विरुद्ध मांडलेलं. कॅमेरा पोराच्या हातात आहे. तिचं तोंड किती जवळून दाखवायचं ते तोच ठरवतो. पण दोरव्हाल त्या फटीतूनही अशी काही दमलेली, भाबडी, हट्टी बाई उभी करते की अर्ध्यावर आपण पक्ष बदललेला असतो आणि कधी बदलला ते कळत नाही.

सिनेमातल्या आईचं आडनाव वेगळं आहे, मुलाचं वेगळं. नवीन असताना मला वाटलं घटस्फोटामुळे असेल. मग कळलं, १९८१पासून क्वेबेकमध्ये लग्न झालं तरी बाईने नाव बदलायचं नाही असा कायदाच आहे. हौसेने बदलायचं म्हटलं तरी सहजी बदलता येत नाही. माझ्या बायकोला हे इतकं आवडलं की तिने इथे आल्यावर कुलकर्ण्यांना रामराम ठोकला. मिरजेला आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग मशीनच्या गॅरंटी कार्डावर माझं माहेरचं नाव टाकायला काय हरकत होती?” म्हणजे कधीतरी तिने ते मागितलं होतं. आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

या सिनेमातला बाप एकदाच धड दिसतो. एरवी सणासुदीला भेटणारा, आणि अचानक एक दिवस सोफ्यावर बसून, तुला बोर्डिंगात घालायचं ठरवलंय, असं सांगणारा. मुलगा त्याच्यावरही भडकतो, पण त्या रागाला आईवरच्या रागाची सर नाही. तिथे मला आमचं घर दिसलं. बाबा बँकेत, सतत बदली, शनिवारी रात्रीच्या गाडीने येणार, रविवारी जिलेबी, सोमवारी पहाटे परत. त्यांच्याशी माझं कधी वाजलं नाही. लोक अजून म्हणतात, बापलेकांचं काय छान होतं. छानच असणार! भांडायला माणूस घरात असावा लागतो. आईच्या वाट्याला सोमवार ते शनिवारचा मी आला, बाबांच्या वाट्याला जिलेबीचा.

बोर्डिंगातून मुलगा पळतो तेव्हा तिथले मुख्याध्यापक आईला फोन करतात आणि सुचवतात की घरात पुरुष नाही, म्हणून मुलगा असा झाला असेल. त्यावर ती बाई जे बोलते ते मी इथे लिहिणार नाही, मिळवून बघा. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एका फोनवर निघतं. मुलाशी भांडताना जी कधी जिंकत नाही, ती त्याच्या बाजूने भांडताना कोणाला हरत नाही. आणि गंमत म्हणजे हे तिचं सगळ्यात मोठं भाषण मुलगा ऐकतच नाही. तो तिथे नसतोच.

आई २०१६मध्ये इथे सहा महिने राहिली होती. नोव्हेंबरमध्ये बर्फ सुरू झालं आणि तिचं बाहेर जाणं थांबलं. एका दुपारी तिला दाखवायला म्हणून मी हा सिनेमा लावला. का लावला, नक्की सांगता येणार नाही. काही गोष्टी तोंडाने सांगायला जड जातात, तेव्हा माणूस टीव्ही लावतो. मी शेजारी बसून भाषांतर करत होतो. आईने सोफ्यावर पाय वर घेतले, मांडीवर लेकीचा उसवलेला फ्रॉक, हातात सुई. पहिली पाच मिनिटं ती गप्प होती. मग म्हणाली, “पडदे हातशिलाईचे आहेत.” थोड्या वेळाने, “घर किती नेटकं ठेवलंय बिचारीने.” मी सांगितलं, मुलाला ते घर कुरूप वाटतं. “त्याला काय, त्याला झाडायचं नाही.” गाडीतलं भांडण झालं, तेव्हा, “हा पोरगा मार कधी खातो?” मी म्हटलं, नाही खात. आईने सुईत दोरा ओवता ओवता नुसता ‘हं’ केला. त्यात सिनेमाबद्दलचं तिचं मत पूर्ण आलं.

शाळेतला प्रसंग आला. भाषा कळत नव्हती तरी ती पुढे सरकून बघायला लागली. “काय सांगितलंन त्याने बाईंना?” मी म्हणालो, “आई मेली म्हणून सांगितलं.” ती काही बोलली नाही. फ्रॉकचा दोरा संपत आला होता. तिने मान खाली घातली, कापडाशी तोंड नेलं आणि दोरा तोडला. मग पडद्याकडे बघतच म्हणाली,

“निदान भाडेकरू तरी नाही म्हणाला.”

मी हसलो. तीही हसली. दोघं जरा जास्तच वेळ हसलो, कारण थांबल्यावर काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

पुढे मुलाचं एका मुलावर प्रेम आहे हे आईला भलत्याच ठिकाणी कळतं: मित्राची आई सहज बोलून जाते, तेही उन्हाळी रंग चढवून देणाऱ्या सलूनमध्ये. मुलांमुलांचं प्रेम हे आईला कसं सांगावं, या विचारात मी होतो. शब्द जुळवून सांगितलं. ती म्हणाली, “ते कळलं मला मगाशीच. तिला शेवटी कळलं ना पण, परक्या बाईकडून. ते वाईट.” बघा, दुखतं कुठे ते तिने बरोबर ओळखलं, आणि मी मात्र पुढचा प्रसंग घाईघाईने पळवला, दोन मुलं भिंतीवर रंग शिंपडतात आणि मग व्हायचं ते होतं. “का पुढे ढकललंस? रंग वाया घालवतायत म्हणून?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग ते वाक्य आलं. भांडता भांडता मुलगा आईला विचारतो, मी आज मेलो तर काय करशील? विचारतो आणि उत्तराला न थांबता पाठ फिरवून निघून जातो. तो लांब गेल्यावर ती, एकटीच, हळू आवाजात म्हणते: मी उद्या मरेन. फ्रेंचमध्ये ते तीनच शब्द आहेत. दोलानने सगळा सिनेमा मुलाच्या बाजूने लिहिला, आणि सगळ्यात चांगलं वाक्य आईला दिलं, तेही मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. एकोणीस वर्षांच्या पोराला हे कसं सुचलं असेल? पाच वर्षांनी त्याने ‘मॉमी’ काढला. तिथेही आई दोरव्हालच, मुलगा वेगळा, आणि पडदा चौकोनी, दोन माणसं मावणार नाहीत एवढा अरुंद. २०१४ला कान महोत्सवात परीक्षकांचा पुरस्कार त्याने ज्येष्ठ दिग्दर्शक गोदारबरोबर वाटून घेतला. तेव्हा तो म्हणाला होता की पहिल्या सिनेमात मला आईला शिक्षा करायची होती, या सिनेमात तिच्या वतीने सूड उगवायचा आहे. ‘मॉमी’ जास्त चांगला बांधलाय, सगळेच म्हणतात आणि मलाही पटतं. पण मला तो पहिला, खरखरीत, हिशोबात न बसणारा जास्त जवळचा. त्यात अजून शिक्षा चालू आहे.

तर त्या दुपारी मी आईला प्रश्नाचं भाषांतर करून सांगितलं: तो विचारतोय, मी आज मेलो तर काय करशील. एवढं सांगेपर्यंत पडद्यावरची बाई उत्तर देऊन मोकळी झाली होती. तीन शब्दांना वेळ तो किती लागणार! दुभाषाचं हेच होतं, प्रश्नात अडकलेला असताना उत्तर निघून जातं. आईने विचारलं, “मग काय म्हणाली ती?” मी म्हणालो, “काही नाही.” रिमोट हातात होता, मागे नेता आलं असतं. नाही नेलं. आईने मान डोलावली. “काय म्हणणार!” आणि फ्रॉक उलटा करून शिलाई बघायला लागली.

शेवटी दोघं नदीकाठच्या दगडांवर बसतात, मुलाच्या लहानपणीच्या घराजवळ. तो तिथेच असणार हे तिने त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीवरून ओळखलेलं असतं. मिटवामिटवी नाही, माफी नाही. जुन्या घरगुती चित्रफितीतली छोटी आई आणि त्याहून छोटा मुलगा दिसतात, संपतं. आई म्हणाली, “एवढंच?” मी म्हणालो, “एवढंच.” तिने फ्रॉक घडी घालून माझ्या हातात दिला. उसवलं होतं कुठे ते मला शोधूनही सापडलं नाही.

रविवारचं ते मान हलवणं मात्र डोक्यातून जाईना. ‘हो’ कशाला म्हणालो? दोन दिवस मी तिच्या ओठांची हालचाल आठवून बघत होतो. घर विकायचं का, असं असेल. शेजारचा बिल्डर दोन वर्षं मागे लागलाय. की मोतीबिंदूचं? की ‘तू येणार ना दिवाळीला’? तीन-चार शब्द, शेवटी ओठ मिटलेले, म्हणजे ‘म’ किंवा ‘प’ किंवा ‘ब’. लेकीला विचारलं, तू पाहिलंस ना, आजी काय म्हणाली असेल? तिने खांदे उडवले, इथली पोरं उडवतात तसे, आणि कानातले इयरफोन न काढता म्हणाली, “मला काय माहीत. मी पण कधी कधी तुझा कापते.”

बुधवारी ऑफिसला जायच्या आधी फोन लावला. रविवार नसताना माझा फोन आला की आई आधी “काय झालं?” विचारते. काही नाही झालं, म्हटलं. फोन पुन्हा साखरेच्या डब्याला. आज ताटलीत काही नव्हतं, तोंडात सुपारी होती. मी बोअरचं विचारलं, दोनशे दहा फुटांवर लागलं म्हणाली. हे तिने रविवारीच सांगितलं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. मग मी शक्य तितकं सहज विचारलं.

“अगं, त्या दिवशी शेवटी काय म्हणालीस तू? मला नीट ऐकू आलं नाही.”

“कधी?”

“रविवारी. भडंग खात होतीस ना, तेव्हा. तोंड पुसून काहीतरी म्हणालीस.”

ती सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेईपर्यंत थांबली. मी आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. सुपारीचा बारीकसा कट् असा आवाज आला, मिरजेतल्या पंख्याचा आला, लांब कुठेतरी रिक्षावाल्याने हॉर्न दिला तोही आला.

“तू हो म्हणालास की,” आई म्हणाली. “झालं तर मग.”

आणि तिने विचारलं, तिकडे बर्फ थांबलं का.